बऱ्या न झालेल्या बाईची उपकारस्तुती

मंगळवार, ४ मार्च
परतूरहून सकाळची गाडी पाऊण तास उशिरा. करुणाला खिडकी मिळाली, मला तिच्या पिशव्या. जालन्यात डायलिसिस, चार तास. ती आत मशीनवर, मी बाहेरच्या बाकावर. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली, पण बसून राहण्याने माणूस इतका दमतो हे तिथे कळलं नव्हतं.

परतीच्या गाडीत म्हणाली, "आपल्या घरी उपकारस्तुती ठेवू या."
"कशाची?"
"दोन वर्षं झाली ना."
"कशाला दोन वर्षं झाली?"
"मंगळवार-शुक्रवारला."
मी खिडकीबाहेर बघत बसलो. खिडकी तिची होती, तरी.

बुधवार, ५ मार्च
सकाळी परत तोच विषय. मी तिला नीट समजावलं. उपकारस्तुती ठेवायची म्हणजे काहीतरी झालेलं असावं लागतं. कुणाचं ऑपरेशन पार पडतं, कुणी अपघातातून वाचतो, कुणाची मुलगी पास होते. मग चर्चचे पाळकसाहेब येतात, मंडळी येते, गाणी होतात, आणि घरच्या कर्त्याने उभं राहून सांगायचं असतं की प्रभूने आमच्यासाठी अमुक केलं. मी उभा राहून काय सांगू? दोन वर्षांत हिची किडनी सुधारली नाही. माझी तिला चालत नाही, मला साखर आहे. यादीत नाव घालून ठेवलंय, यादी जागची हलत नाही.
म्हणाली, "बरं झाल्यावर सगळेच उपकार मानतात. त्यात काय मोठं?"
"मग तू मान. मी पोहे करतो."
"उभं तुम्हालाच राहायचंय. कर्ते तुम्ही." आणि हसली.
तिचं हे हसणं मला कधी कधी सहन होत नाही. इथे लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला सांगणार.

गुरुवार, ६ मार्च
ऊन तापायला लागलं. क.चं दिवसभराचं पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवायचं. चहा त्यातलाच, गोळ्याही त्यातच. बटाटा दोनदा उकळून पाणी फेकायचं. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे तिच्या डाव्या हाताच्या फिस्टुल्यावर बोटं ठेवून बघणं. शीर जोडलेली आहे तिथे थरथर लागते, मांजर घुरघुरल्यासारखी. थरथर आहे म्हणजे शुक्रवारी सुई लागणार.

दुपारी तहान मारायला तिने तोंडात लवंग धरली होती. मी मागच्या दारी जाऊन तांब्याभर पाणी प्यालो. दोन वर्षं असाच चोरून पितो. तिला माहीत आहे. मी आत आलो की ती मुद्दाम दुसरीकडे बघते.

शुक्रवार, ७ मार्च
डायलिसिस झालं. कोपऱ्यातला पलंग रिकामा होता. विचारलं नाही. तिथे कुणी विचारत नाही.

क.ने ज्ञानोबाची आठवण काढली. कुंभार पिंपळगावचा शेतकरी, वर्षभर तिच्या शेजारच्या मशीनवर होता. जानेवारीपासून त्याचे वार सोमवार-गुरुवार झाले, तेव्हापासून भेट नाही. त्याची बायको रुक्मिण बाहेर माझ्याच बाकावर बसायची. भाकरी आणायची, मलाही द्यायची, आणि देवाशी मोठ्याने भांडायची. "एवढे उपास केले, कुठं गेल्ते तुम्ही?" असं वर बघून. मला ते आवडायचं. मी तेवढंही करत नव्हतो.

रविवार, ९ मार्च
क.चे पाय सुजले, घरीच राहिली. मी एकटाच उपासनेला. सूचना वाचताना पाळकसाहेब म्हणाले, "येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता प्रभाकररावांच्या घरी करुणाबाईंप्रीत्यर्थ उपकारस्तुती." मला धक्काच. हिने परस्पर फोन केला होता.

आणि मग व्हायचं ते झालं. उपकारस्तुती म्हणजे बाई बरी झाली, दुसरा अर्थ आमच्या मंडळीत कुणाच्या डोक्यात येणार? बाहेर पडतो तोच शशिकलाबाई पुढे. "सलाम प्रभाकरराव! किडनी मिळाली म्हणे?"
नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "प्रभूची कृपा."
झालं. त्यांचे डोळे भरून आले. चार जणांनी हात धरले, एकाने मिठी मारली. दोन वर्षं हे लोक मला बघितलं की चेहरा पाडून आवाज बारीक करतात. आज पहिल्यांदा माझ्याकडे बघून त्यांना बरं वाटलं. मला ते हवं होतं. एक मिनिटभर घ्यावं, मग सांगावं, असं मनात होतं. फाटकापर्यंत मिनिट संपलंच नाही.

सोमवार, १० मार्च
मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळीच शशिकलाबाईंचा मेसेज. करुणाताई पूर्ण बऱ्या झाल्या, प्रभूची स्तुती असो. खाली जोडलेल्या हातांची रांग. मी "तसं नाही" एवढं टाइप केलं. खोडलं. पुन्हा केलं, पुन्हा खोडलं. मग बटाटे उकळायला ठेवले.
क. फोन फारसा बघत नाही. तेवढंच बरं, असं वाटलं. काय माणूस आहे मी.

मंगळवार, ११ मार्च
तिला कळलं. मशीनवर पडल्या पडल्या फोन बघितला. मला आत बोलावलं, दोन मिनिटांसाठी सोडतात.
"हे काय?"
सांगितलं.
"तुम्ही खोटं बोललात."
"मी फक्त प्रभूची कृपा म्हणालो."
"त्याचं नाव घेऊन खोटं बोललात, मंग." एरवी अशा गोष्टीवर ती हसली असती. आज हसली नाही. हाताला नळ्या लावलेल्या, हलता येत नाही, नुसती माझ्याकडे बघत होती.

परतूरला उतरताना म्हणाली, "शनिवारी सगळ्यांसमोर तुम्हीच सांगायचं. मी न्हाई सांगणार, पाळकसाहेबबी न्हाई."
घरून पा.सा.ना फोन केला, सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "फोनवर कुणाकुणाला सांगत बसणार? शनिवारी समोरासमोरच सांगा." मला सुटल्यासारखं वाटलं. चार दिवस मिळाले. अपराध्याला चार दिवस मिळाले तर तो काय करतो? काही नाही. पोहे किती लागतील ते मोजतो.

गुरुवार, १३ मार्च
बुंदीचे लाडू सांगून आलो. हलवाई म्हणाला, "बाई बऱ्या झाल्या, चांगलं झालं!" त्याच्यापर्यंतही पोचलंय. मान हलवली. हे दुसरं खोटं.

तिला विचारलं, तुला खरंच आनंद वाटतो का, की माझ्यासाठी आणतेस तोंडावर? भांडी पुसत होती. म्हणाली, "दोन्ही." मग थोड्या वेळाने, "कधी कधी आधी आणावा लागतो, मंग येतो. कधी येतबी न्हाई." आम्हाला मूल नाही. बावीस वर्षं तिने अंगणवाडी चालवली. रडकी लेकरं हसवायची सवय आहे तिला. मला वाटायचं, मीही त्यातलाच एक.

शुक्रवार, १४ मार्च
धूळवड. गाडीत सगळे रंगलेले. वॉर्डात सिस्टरच्या कानामागे गुलाबी राहिलं होतं. आज बीपी पडलं क.चं, अर्धा तास गडबड. घरी आणलं, झोपवलं. उद्याची सभा पुढे ढकलू का, विचारलं. डोळे न उघडता नको म्हणाली.

रविवार, १६ मार्च
काल लिहिणं शक्य नव्हतं. आज सकाळी क. झोपली आहे, तेव्हा लिहितो.

साडेचारपासून माणसं. अंगणात मांडव, सतरंज्या, पेटी, ढोलक. क. खुर्चीवर, लांब बाह्यांचं पोलकं, अंगावर शाल. येणारा प्रत्येक जण तिचे हात धरून "प्रभूची स्तुती असो" म्हणत होता आणि ती "असोच की" म्हणत होती. तिचं खोटं नव्हतं ते. माझं होतं.

पाचला दहा कमी असताना फाटकाशी रिक्षा थांबली. आतून रुक्मिण उतरली. तिने आणि रिक्षावाल्याने मिळून ज्ञानोबाला उतरवलं. काळवंडलेला, चादरीत गुंडाळलेला, अर्धा राहिलाय. शशिकलाबाई त्यांच्याच गावच्या शाळेत शिकवतात, त्यांनी सांगितलं असणार. रुक्मिण चपला न काढताच माझ्यापाशी आली.
"भाऊ, कुठं गेल्तात? कोणता डॉक्टर हाय? का तुमच्या देवाचं काही केलं? सांगा, आम्हीबी करतो. बिलकुल मागं पुढं बघत न्हाई."
मी म्हणालो, "बसा आधी, दमला असाल." पुन्हा तेच, चुकवणं. क. माझ्याकडे बघत होती. पेटी सुरू झाली.

दोन गाणी, शास्त्रवाचन, प्रार्थना. मग पा.सा. बसले आणि मला खूण केली. उभा राहिलो. ज्ञानोबाला भिंतीला टेकवून बसवलं होतं. मी त्याच्याकडे बघूनच बोललो, बाकी कुणाकडे बघवलं नाही.
"करुणा बरी झालेली नाही. किडनी मिळालेली नाही. मंगळवारी आम्ही परत मशीनवर जाणार. गेल्या रविवारी मला विचारलं तेव्हा मी प्रभूची कृपा म्हणालो. तोंड चुकवायला म्हणालो. मला माफ करा."
एवढंच पाठ केलं होतं. पुढे आभार मानायचे होते, ते आलेच नाहीत.

शशिकलाबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि रुक्मिण उठली.
"मंग हे कशाचं हाय? हे गाणं, हे लाडू? ह्या माणसाला मी उचलून आणलं ना हितं!"
तिला उत्तर द्यायचं माझं काम होतं.
क. खुर्चीवरून म्हणाली, "ताई, माझ्यासाठी ठेवलं मी. मशीनवर चार तास असते, तवा प्रभू माझ्यापाशी असतो. मी एकटी नसते. त्याचे उपकार."
रुक्मिण म्हणाली, "तुमचं बराबर हाय. मी तर बाहेर एकटीच बसते."

वर्षभर मी तिच्या शेजारी बसत होतो. हातभर अंतरावर. तिची भाकरी खात होतो.

पा.सा.नी मध्ये उपदेश केला नाही, फार बरं केलं. क. उठली. खुर्चीवरून उठून सतरंजीवर बसायला तिला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, मी हात द्यायला गेलो तर तिने नको केलं. रुक्मिणजवळ जाऊन बसली. शाल सरकली, बाही वर झाली, शुक्रवारच्या सुईची पट्टी दिसली. रुक्मिणने ती पट्टी बघितली आणि मग दोघी रडल्या. लपवून नाही, मोठ्याने.

मग भिंतीकडून ज्ञानोबाचा आवाज. "अहो, गाणं म्हणा की. एवढ्या लांब आलोय तर ऐकून जातो."
कुणीतरी हसलं. ढोलकवाल्याने थाप मारली. गाणी झाली, तीन-चार. मीही म्हटली, बेसूर. ज्ञानोबाने बुंदीचा लाडू खाल्ला, डॉक्टरने बंद केलेला. रुक्मिण "ओ, ओ" म्हणेपर्यंत दुसरा उचलला.

मला आनंद झाला का? नाही. लाज वाटली, भरपूर. पण आठवडाभर छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं होतं. पाहुणे गेल्यावर मी क.समोर तांब्या तोंडाला लावला. ती म्हणाली, "हळू प्या, ठसका लागंल."

मंगळवार, १८ मार्च
शशिकलाबाई बोलत नाहीत. हक्क आहे त्यांचा. आणखी एक गृहस्थ स्टेशनवर भेटले, म्हणाले, ती सभा म्हणजे जरा विचित्रच झाली. हो म्हटलं.

आज सिस्टरला विचारलं, आत बसू का थोडा वेळ. दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तिने स्टूल दिलं, "वीस मिनिटं." क. झोपली होती. मशीन चालू, रक्त नळीतून जातंय, येतंय. प्रभू इथे असतो म्हणाली होती. मी बघितलं. सलाइनचा स्टँड, बादली, भिंतीवर पाल. मला काही दिसलं नाही. बसलो तरी. मला उठवलं तेव्हा पाऊण तास झाला होता, सिस्टरने मुद्दाम हटकलं नव्हतं.

शनिवार, २२ मार्च
रुक्मिणचा फोन. पहिल्यांदा वाटलं, वाईट बातमी. "काही न्हाई भाऊ, असंच. परवा बाकावर बसले तर तुमची आठवण आली." आता सोमवारी आणि गुरुवारी ती बाकावरून फोन करणार आहे, असं तिनेच ठरवलं. मी बरं म्हटलं. अर्धं बोलणं देवाविषयी तक्रारीचं झालं. मीही दोन तक्रारी घातल्या. क. ऐकून म्हणाली, "आता कुठं प्रार्थना करायला लागलात."

मंगळवार, २५ मार्च
सकाळी बोटं ठेवली. थरथर नाही.
दाबून बघितलं, कान लावून बघितला. नाही. तिला म्हटलं, तू बघ. तिनेही बघितलं.
जालन्यात डॉक्टर म्हणाले, फिस्टुला बंद पडला. मानेत तात्पुरती नळी घालून आजचं डायलिसिस झालं. तिला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. परवा संभाजीनगरला नेऊन ऑपरेशन, उजव्या हाताला करून बघणार. शिरा बारीक आहेत. लागलं तर लागलं, म्हणाले. नाही लागलं तर काय, ते मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं, आणि ते मी इथे लिहीत नाही.

गुरुवार, २७ मार्च, संभाजीनगर
सकाळी हिरवा गाऊन घातला तिला. मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. मी वाट बघत होतो की आता काहीतरी म्हणेल, चेष्टा करेल, सिस्टरला गाणं म्हणून दाखवेल. पलंगाच्या कडेला बसून राहिली. मग म्हणाली, "अहो, आज माझ्याकडं काहीच न्हाई. रिकामं रिकामं वाटून राह्यलं. भीती वाटती. तुम्ही म्हणा."

मी? दोन वर्षं तिच्या आनंदावर वैतागून राहिलेला माणूस. तिने आणावा आणि मी त्यावर दिवस काढावा, असंच चाललं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. आता तिचा संपला होता आणि ती माझ्याकडे बघत होती, आणि माझ्याकडे तरी कुठे होता.

तिचा हात धरला. म्हटलं, प्रभू, आम्ही इथे आहोत. हिला भीती वाटतेय, मलाही. ह्या दोन वर्षांतल्या सगळ्या मंगळवारांबद्दल आणि शुक्रवारांबद्दल तुझे उपकार. ती आहे म्हणून उपकार. आत तिच्याजवळ राहा, मला तिथे सोडत नाहीत.

उपकार हा शब्द तोंडातून गेला आणि अडकला नाही. आश्चर्य वाटलं. त्या शनिवारी मांडवात जे आलं नव्हतं ते इथे फिनेलच्या वासात आलं. ती "आमेन" म्हणाली, अगदी बारीक. मग ढकलगाडी आली.

सव्वाअकराला आत नेलं. आता बारा वाजून गेलेत. इथलं बाक लोखंडी आहे. वही मांडीवर.

रुक्मिणचा फोन येऊन गेला, ऑपरेशनचं तिला काल कळवलं होतं. आज गुरुवार, ती जालन्यात, यायला उशीर झाला म्हणून धावतच बोलत होती.
"भाऊ, काय झालं?"
"आतच आहे अजून."
"मी आमच्या देवाला सांगितलं सकाळी. पार दम देऊन सांगितलं. आता तुमच्या देवालाबी सांगते म्हणलं. पण मी सांगितलेलं चालतंय का त्याला? का वळख लागती?"
"नाही लागत."
"कागदपत्र काही?"
"नाही हो. सांगा."
"मंग जल्दी सांगून टाकते, ह्यांना मशीनवर घ्यायलेत." आणि फोन न ठेवताच तिने सुरू केलं. "ओ येशूबाबा, मी कुंभार पिंपळगावची रुक्मिण बोलून राह्यले..."

मी हसलो. तोंड दाबून नाही, मोकळा हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पलीकडच्या बाकावरचे म्हातारे गृहस्थ वळून बघायला लागले, वॉचमन दोन पावलं पुढे आला. बायको आत टेबलावर, शीर लागेल की नाही माहीत नाही, आणि मी हसतोय. थांबवता येईना. थांबवावंसंही वाटेना. आनंदच होता तो. मी आणलेला नव्हता, आपणहून आला होता. भीती होती तिथेच होती, तो तिच्या शेजारी येऊन बसला.

दार उघडलंय. करुणाबाईंचं कोण आहे, विचारतायत.
मी आहे. जातो.